हाताला फावेल इतकं वजन

चौदा नंबरचा बॉल मी पहिल्यांदा उचलला तो रागाने. समोर बॉलिंगच्या रॅकवर सहापासून सोळापर्यंत आकडे कोरलेले गोळे मांडून ठेवले होते. लाल, निळे, हिरवे. कुठलाही शहाणा माणूस आधी एकदोन हातात घेऊन बघतो आणि मग ठरवतो. मी सरळ चौदाला हात घातला. कारण आदल्या दिवशी माझ्या बायकोने कॅनडातून फोनवर मला बजावलं होतं, ‘तुम्ही आपला दहाचाच घ्या हं. झेपेल तेवढंच करा.’

झेपेल तेवढंच! कोयलीच्या रिफायनरीत ज्या माणसाची अख्खी नोकरी वजनं उचलण्यात गेली, त्याला हे ऐकवायचं. म्हणजे मी स्वतः उचलत नसे, क्रेन उचलायची. पण कुठलं वजन कुठल्या क्रेनने, किती जाडीच्या दोराने, कशा कोनातून उचलायचं ते मी सांगायचो. प्लांट बंद करून दुरुस्ती चालायची तेव्हा एसटीच्या बसएवढी नळकांडी माझ्या हाताच्या इशाऱ्यावर हवेत जायची आणि बोटाच्या इशाऱ्यावर जागेवर बसायची. माझ्या देखरेखीखाली एकही वजन कधी सुटून पडलं नाही. हे मी सांगायला लागलो की माझी मुलगी म्हणते, ‘बाबा, हे तू शंभर वेळा सांगितलंयस.’ सांगितलं असेल. खरं आहे म्हणून सांगितलं.

मुलगी कॅनडात असते. तिला मुलगा झाला तेव्हा बायको सहा महिन्यांसाठी म्हणून गेली. आमच्या बडोद्याच्या हरणीतल्या सोसायटीत यात नवल काही नाही. प्रत्येक जिन्यावर एखादं तरी घर असं आहे, जिथे बाई परदेशात नातवंड सांभाळते आणि पुरुष इथे कुलपाची किल्ली सांभाळतो. संध्याकाळी आम्ही बाकावर भेटतो. ‘केम छो?’ ‘मजामा.’ मजा कोणाचीच चाललेली नसते, पण तसं म्हणायची पद्धत आहे. सहा महिन्यांचे आठ झाले, मग व्हिसा वाढला. मधे एकदा ती आली, कैरीचं लोणचं घातलं, माझ्या शर्टांची बटणं लावली आणि परत गेली.

तू पण जा की, असं मला सगळे म्हणतात. मी गेलो होतो, एक हिवाळा. मुलीचं घर छान आहे. तळघरात मला स्वतंत्र खोली दिली होती आणि टीव्ही दिला होता. तिथे घर गरम ठेवायची एक भट्टी असते. ती मधूनच घरघरायची. आवाजावरूनच मला कळलं की पंख्याचं बेअरिंग जातंय. मी पाना मागितला तर जावई धावत आला. ‘बाबा, प्लीज, तुम्ही हात लावू नका, माणूस येईल.’ माणूस आला. त्याने बेअरिंगच बदललं. त्या दिवसानंतर मी त्या घरात कशालाही हात लावला नाही, आणि माझ्या लक्षात आलं की मी नुसता बसून आहे. ठरल्यापेक्षा लवकरच मी बडोद्याला परतलो. बायको म्हणाली, मी थांबते अजून, बाळ लहान आहे. मी म्हटलं, थांब.

आल्यावर पहिले काही दिवस बरे गेले. आपलं घर, आपला नळ, आपला पाना. मग घर मोठं व्हायला लागलं. स्वयंपाकाची बाई सकाळी पोळ्या-भाजी करून जाते. दुपारी मी ती ताटात वाढून घेतो, बातम्या लावतो आणि बातम्या सांगणाऱ्याशी भांडतो. कोणी ऐकत नसताना भांडण्यात दम नसतो. मला एकटं वाटत होतं. हा शब्द मी फार उशिरा वापरला, कारण आमच्या पिढीच्या पुरुषांना कंटाळा येतो, पोट बिघडतं, बीपी वाढतं. एकटं वाटत नाही.

आणि आमचे फोन! रोज संध्याकाळी तिची सकाळ व्हायची तेव्हा यायचे. जेवलात का? जेवलो. गोळी घेतली का? घेतली. पाणी येतंय का वेळेवर? येतंय. नातवाला कॅमेऱ्यासमोर धरायची, तो माझ्या नाकाकडे बघायचा, मी ‘काय रे लबाडा’ म्हणायचो आणि झालं. फोन ठेवल्यावर मला आम्हा दोघांचीही कीव यायची.

मग एकदा फोन आला तो भलत्याच ठिकाणाहून. मागे धडाधड आवाज, रंगीत दिवे, आणि माझी बायको पंजाबी ड्रेसवर विदूषकासारखे दोन रंगांचे बूट घालून उभी. गॅसची टाकी सरकवायची तर मला हाक मारणारी ही बाई. तिने एक गोळा दोन्ही हातांनी छातीशी धरला, चार पावलं चालली आणि वाकून सोडला. लांब, गुळगुळीत लाकडी पट्टीवरून तो गोळा घरंगळत गेला आणि टोकाला उभ्या असलेल्या दहा पिनांपैकी बऱ्याचशा आडव्या केल्या. मागून बायकांचा ओरडा झाला. बायको वळली तेव्हा हसत होती. तसं हसताना मी तिला शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवेना. मला आनंद झाला असता तर बरं झालं असतं. मला राग आला.

पण संध्याकाळभर मी तिला प्रश्न विचारत राहिलो. बूट भाड्याचे का? गोळ्याला भोकं कशाला? तीनच का? आणि ती सांगत राहिली. अंगठा एकात, मधलं बोट आणि अनामिका बाकीच्या दोनात. आकडा म्हणजे पौंडातलं वजन. त्या दिवशी आम्ही औषधाच्या गोळ्यांबद्दल बोललोच नाही. फोन ठेवल्यावर मला एवढंच कळलं की हा विषय मला सोडायचा नाहीये. बडोद्यातही बॉलिंग आहे हे मला ठाऊक होतं. वासण्याच्या पुढे एका मॉलच्या वरच्या मजल्यावर, जिथे पोरांचे वाढदिवस होतात. हरणीहून तिथे जायचं म्हणजे अख्खं बडोदं ओलांडायचं. मला सवडच सवड होती.

तर तो चौदाचा बॉल. मी आमच्या पद्धतीने गेलो. रिफायनरीत कुठलंही मोठं वजन आधी वीतभर उचलायचं, तसंच थांबवायचं, दोर बघायचे, आणि मगच वर न्यायचं. मी बॉल उचलला, हात खाली सोडून थोडा वेळ धरला. खांदा ठीक, मनगट ठीक. पास. चार पावलं चाललो, हात मागे नेला, पुढे आणला, आणि बॉल काही सुटेना. बोटांनी तो घट्ट आवळून धरला होता. अखेर सुटला तो खांद्याच्या उंचीवरून. पट्टीवर असा आदळला की शेजारच्या लेनवरचा वाढदिवस थांबला. ‘काका, संभाळजो, वागी जशे!’ वाढदिवसाच्या पोराचा बाप ओरडला. लागेल म्हणाला, म्हणजे मला. बॉल पट्टीच्या कडेच्या चरात गेला. दहाच्या दहा पिना जागेवर उभ्या होत्या.

ही चूक आमच्याच धंद्यातला माणूस करू शकतो. आम्हाला आयुष्यभर एकच शिकवलेलं, हातातलं वजन सुटता कामा नये. मी वजन निवडलं ते धरण्याच्या हिशेबाने. या खेळात बॉल धरायचा नसतोच. तो अंगठ्यावर टांगून झोपाळ्यासारखा मागे-पुढे जाऊ द्यायचा आणि सोडायचा. जड बॉल निसटेल या भीतीने बोटं आवळली जातात, आणि बोटं आवळली की तो जातो भलतीकडे. शिवाय आणखी एक गंमत. क्रेनला मी कधी तिच्या क्षमतेच्या जवळपासही जाऊ दिलं नाही, नेहमी हातचं राखून काम केलं. स्वतःच्या हाताला मात्र तो नियम लावला नाही.

संध्याकाळी बायकोला सांगितलं, जमलं बऱ्यापैकी.

‘किती पाडल्या?’

‘पाडल्या थोड्या.’

‘कितीचा घेतला होता?’

‘चौदा.’

ती इतकी हसली की तिकडून मुलगी काय झालं म्हणून बघायला आली. मग डोळे पुसून म्हणाली, ‘अहो, मी इथे नऊ घेत होते. आत्ता कुठे दहाला आलेय. तुम्ही बाराच्या वर जाऊ नका.’

मी तेराला आलो. बाराला येण्याइतका नमलेला मी त्या आठवड्यात नव्हतो.

पण पुढच्या खेपेला आलो. आणि मग आमचं जे सुरू झालं ते मला कसं सांगावं कळत नाही. मी दुपारी मॉलमध्ये जायचो, तेव्हा गर्दी नसते. संध्याकाळी तिला सगळं सांगायचो. ती शिकवायची. माणसाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाचा बॉल घ्यावा असं कोणी कोणी म्हणतं, असं मी वाचून तिला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘ते सगळं खाली, नुसतं बोलायला. हाताला फावतो का ते बघा.’ फावणं हा आमचा बडोद्याचा शब्द, गुजरातीतून घरात आलेला. पुण्याचे नातेवाईक त्याला हसतात. पण अंगाला, मनाला सवयीचं आणि सोयीचं वाटणं याला दुसरा इतका सुटसुटीत शब्द आम्हाला माहीत नाही.

फावतो का ते कसं बघायचं, तेही तिनेच सांगितलं. हात सैल सोडून बॉल नुसता झुलवायचा. खांदा त्या बाजूला कलला किंवा कोपर वाकलं, तर जड आहे. आपला आपण फेकावासा वाटला, मनगट खेळ करायला लागलं, तर हलका आहे. हलका बॉल नेमका जातो पण पिनांना आपटून भरकटतो, मागच्या उभ्याच राहतात. अंगठा भोकात घालून गोल फिरवून बघायचा. अडकायला नको आणि डुगडुगायलाही नको. इथे माझी पंचाईत होती. माझी बोटं जाड, पान्याची बोटं. हलक्या बॉलना भोकं बारीक असतात, पोरांसाठी केलेली. अंगठा बसेल तो बॉल खांद्याला जड आणि खांद्याला मानवेल त्यात अंगठा शिरेना. मी प्रत्येक खेपेला रॅकवरचे सगळे बारा-तेरा हातात घेऊन अंगठा घालून बघत बसायचो. भाजीवालीकडे भेंडी मोडून बघणाऱ्या माणसाकडे बघावं तसे तिथले लोक माझ्याकडे बघायचे. शेवटी एक काळपट निळा बारा सापडला. थोडा सैल होता, पण चालण्यासारखा.

एकदा तिने विचारलं, ‘दुसऱ्या गेमलाच हात का दुखतो हो तुमचा? आम्ही तर तीन-तीन गेम खेळतो.’

मी म्हटलं, ‘तुम्ही पाच-सहा जणी असता. माझी पाळी लगेच येते ना.’

तिला कळायला क्षणभर वेळ लागला. एकट्या माणसाच्या लेनवर दोन टाकले की पिना उचलल्या जातात, नव्या मांडल्या जातात, आणि पडद्यावर पुन्हा आपलीच खूण. मधे बसायला मिळत नाही. कोणाचं बघायचं नाही, कोणासाठी ओरडायचं नाही. म्हणून एकट्याने खेळणाऱ्याने नेहमीपेक्षा एक पौंड कमीचा घ्यावा, हे मी शोधून काढलेलं आहे आणि ते कुठेही लिहिलेलं मला सापडलं नाही. मग म्हणाली, ‘मग अकराचा घ्या.’

सगळ्या संसारात आम्ही एकमेकांशी इतकं बोललो नव्हतो. हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. रिफायनरीची पाळी, मुलीची शाळा, सासूचं आजारपण, सणवार, यात बोलायचं ते कामाचं. आता तासतास फोन चालायचा. आणि मी मनातल्या मनात एक चित्र रंगवून ठेवलं होतं. बाळ मोठं होतंय, आज ना उद्या ही परत येईल. मग दर आठवड्याला आम्ही दोघं दुपारी वासण्याला जाऊ. ती तिचा दहा घेईल, मी माझा बारा. तिची पाळी असेल तेव्हा मी बसेन. येताना पापडी-चटणी खाऊ. मला फक्त तिच्या बरोबरीने खेळता यायला हवं होतं. मला वाटत होतं, तेवढं मला आलं की ती राहील.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आधी ती आली. एका महिन्यासाठी. मी पडदे धुऊन घेतले होते, तिच्या आवडीची, ओल्या तुरीच्या दाण्यांची लिलवानी कचोरी आणून ठेवली होती. सोसायटीतल्या झाडांवर आधीच पतंग लटकले होते. पहिले दोन दिवस ती झोपली, मग भेटायला येणाऱ्यांची रांग. आठवडाभराने मी म्हटलं, चल, आज आपण जाऊ.

स्कूटरवर ती मागे बसली. उतरल्यावर मी तिला सगळं दाखवत सुटलो, जणू ती जागा मीच बांधली होती. बूट इथे मिळतात. ही लेन जरा डावीकडे ओढते. हा रॅक. ती रॅकपाशी गेली आणि दहाचे बॉल एकेक करून उचलायला लागली. अंगठा घातला, फिरवला, ठेवला. दुसरा घेतला, झुलवला, ठेवला. नऊचे बघितले. अकराचेही बघितले. मी कौतुकाने बघत होतो.

‘घे ना कुठलाही,’ मी शेवटी म्हटलं.

‘नाही हो फावत. बोटांतलं अंतर निराळं आहे. मला आता माझ्याच बॉलची सवय झालीये.’

‘तुझ्या म्हणजे?’

‘अहो, माझा बॉल. तिथला. माप घेऊन भोकं पाडून देतात. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी केले तेव्हा मीही करून घेतला. जांभळा आहे. तिथेच लॉकरमध्ये असतो.’

ती सहज बोलली. तिने दुसरा एक नऊचा उचललासुद्धा. मी तिथेच उभा राहिलो. लुगडी-दागिने माणूस दोन्हीकडे नेतो आणतो. पण स्वतःच्या बोटांच्या मापाचा दहा पौंडांचा गोळा करून, तो लॉकरमध्ये ठेवून जी बाई विमानात बसते, ती एका महिन्यासाठी घरून बाहेर आलेली असते. घर कुठलं ते मला त्या रॅकपाशी कळलं.

‘पहिली तुमची पाळी,’ ती म्हणाली.

मी चौदा उचलला. माझा निळा बारा समोर होता, पण मी चौदा उचलला. ‘अहो, तो नको,’ ती म्हणाली, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. हात मागे नेला आणि सगळा जोर लावून पुढे आणला. खांद्यात काहीतरी सरकलं, कळ थेट बोटांपर्यंत गेली. बॉल गेला, किती पडल्या मी पाहिलं नाही. मी तिथेच हात धरून खाली बसलो. तिने माझे बूट सोडले, रिक्षा केली, आणि स्कूटर तशीच मॉलच्या पार्किंगमध्ये ठेवून आम्ही घरी आलो.

दुपारभर ती खांद्याला बाम चोळत होती. खाली पोरं मांजा गुंडाळत होती. मी भिंतीकडे तोंड करून विचारलं, ‘तू परत कधी येणार? म्हणजे कायमची.’

तिचा हात थांबला नाही. ‘बाळ आता पाळणाघरात जायला लागेल. पोरीला माझी तशी गरज नाही राहिली.’

‘मग तर झालंच.’

‘झालं नाही. मला तिथे फावतं.’ मग, मी काही बोलायच्या आत, ‘मुलीसाठी नाही सांगत. नातवासाठीही नाही. मला फावतं. सकाळी उठून माझी मी बस पकडते. तिथल्या बायका मला कोणाची सून, कोणाची बायको म्हणून ओळखत नाहीत. माझी पाळी आली की माझ्या नावाने ओरडतात. मला हे आवडतं हो.’

‘आणि मी इथे भिंती बघत बसू?’

‘तुम्हीही या ना. केव्हाची म्हणतेय.’

‘आलो होतो मी.’

‘आला होतात पाहुण्यासारखे. एका भट्टीवरून रुसलात आणि निघून आलात.’

नातवासाठी थांबते असं ती म्हणाली असती तर मी ते सोसलं असतं. त्यावर रागावता येत नाही. ती स्वतःसाठी थांबत होती. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की आवाज चढवायची मला सवय आहे.

‘म्हणजे मी एकट्याने मरायचं इथे!’

तिने बामच्या बाटलीचं झाकण लावलं. शांतपणे म्हणाली, ‘एक विचारू? तुम्हाला मी हवीय, का घरात कोणीतरी माणूस हवंय?’

‘असले प्रश्न तिकडून शिकून आलीस वाटतं,’ मी म्हणालो आणि डोळे मिटून घेतले. ती उठून हात धुवायला गेली.

उत्तरायणाला सगळी सोसायटी गच्चीवर होती. पतंग कापला की ‘काप्यो छे!’चा गलका, स्पीकर, उंधियू-जिलबीच्या थाळ्या. आम्ही दोघं टाकीच्या सावलीत खुर्च्यांवर बसलो होतो. माझा हात गळ्यात बांधलेला होता. ती येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गुजरातीत गप्पा मारत होती, आणि मी तिच्या प्रश्नाचा विचार करत होतो. मला तो प्रश्न अपमानाचा वाटला होता. पण खरं उत्तर मला द्यायचं होतं, आणि ते इतकं साधं होतं की मला लाज वाटत होती. घरात माणूसच हवं असतं तर सोसायटीत माणसांना तोटा नाही. बाकावर जाऊन बसता येतं. दर आठवड्याला बडोदं ओलांडून मी जात होतो तो पिना पाडायला जात नव्हतो, संध्याकाळी तिला सांगायला काहीतरी असावं म्हणून जात होतो. ती लांब गेल्यावर मला ती कळली होती. जवळ असताना ती घर होती, आणि घराशी कोणी बोलत नाही. हे सगळं मला गच्चीवर सुचलं आणि मी म्हणालो, ‘जिलबी गार झालीये.’

उरलेले दिवस तिने कामात घालवले. मेथीचे लाडू केले, डबे भरले, त्यांवर चिकटपट्ट्या लावल्या. मीही समजूतदारपणे वागलो. आम्ही एकमेकांना वाट देत घरात फिरत होतो.

ती आमच्या हरणीच्या विमानतळावरूनच निघाली. दुपारचं दिल्लीचं विमान, मग तिथून पुढे. बॅगा टॅक्सीतून उतरवायला मी पुढे झालो, तर ती म्हणाली, ‘तुम्ही हात लावू नका, खांदा अजून बरा नाही.’ तिने स्वतःच त्या ट्रॉलीवर चढवल्या. वाकून मला नमस्कार केला, मी ‘हो, हो’ म्हणालो. दारावरच्या शिपायाला तिकीट दाखवून ती आत गेली. काचेतून मला ती काउंटरपाशी दिसत होती, मग बॅगा गेल्यावर नुसती पर्स घेऊन रांगेत उभी. मी फोन लावला.

‘काय राहिलं?’ तिने घाईने विचारलं.

‘तू त्या दिवशी विचारलं होतंस. बाम लावताना.’

आत तिने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

‘तू हवीस,’ मी म्हणालो. शेजारी एक गुजराती कुटुंब कोणाला तरी हार घालत होतं, त्यातले दोघे माझ्याकडे बघायला लागले. ‘घरात माणूस नकोय मला. तू हवीस. ऐकू आलं का?’

‘आलं.’ काचेपलीकडे तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पाठमोरीच उभी होती. ‘लग्न झाल्यापासून पहिल्यांदा म्हणालात.’

‘हो.’

‘पण मी जाणार हं,’ ती म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता, पण त्यात मागेपुढे काही नव्हतं.

‘माहीत आहे,’ मी म्हणालो. ‘माहीत असूनच सांगितलं.’

रांग पुढे सरकली. तिला फोन ट्रेमध्ये ठेवायचा होता, म्हणून तिने तो बंद केला. टॅक्सीवाला थांबू का विचारायला आला, मी त्याला जा म्हटलं. विमान वेळेवर सुटलं.